सत्यनारायणाला खाली बसलो आणि उठता आलं नाही

मिलफिटर | १२ ऑगस्ट २०२५, १०:१२

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथं नुसता वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

परवा रविवारी पुतण्याकडं कळव्याला सत्यनारायण होता. कथेला सगळे सतरंजीवर बसले. माझ्यासाठी कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, पण देवापुढं खुर्चीवर बसणं मला पटेना. बसलो खाली. मांडी काही जमली नाही, एक पाय लांबच ठेवावा लागला. साधुवाण्याच्या नावेतल्या धनाचा पालापाचोळा होईपर्यंत पाय बधिर झाला होता. आरतीला सगळे उठले आणि मी तिथंच. हातावर जोर देऊन बघितला, नाही. गुडघ्यावर यायला बघितलं, नाही. शेवटी पुतण्या आणि त्याचा मेहुणा, दोघांनी काखेत हात घालून पोतं उचलावं तसं उचललं. आरतीचं तबक माझ्यापर्यंत आलं तेव्हा कुणाच्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली नाही.

वय ७३. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ३४ वर्षं मिल हाऊसला, म्हणजे ऊस गाळतात तिथं, फिटर होतो. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा डोंबिवलीत मुलाकडं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. शुगर गोळीवर ताब्यात, बीपीची एक छोटी गोळी. रोज अर्धा तास चालतो, त्यामुळं आपण तब्येतीनं ठणठणीत आहोत असा माझा समज होता.

गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी चालवलं, पण घरी आल्यावर सगळ्यांनी मिळून महिनाभर कॉटवर झोपवून ठेवलं. तेव्हा जे "बाबा, तुम्ही बसा" सुरू झालं ते आजतागायत. पिशवी उचलली की कुणीतरी हातातून काढून घेतं. नळाचा वॉशर बदलायला प्लंबर. मी फिटर असताना! प्रेमापोटी करतात, तक्रार नाही. पण कारखान्यात हंगाम संपून टर्बाइन थंड पडलं तरी आम्ही त्याचा शाफ्ट अधूनमधून हातानं फिरवून ठेवायचो. एकाच जागी पडून राहिला की स्वतःच्याच वजनानं झुकतो, बेअरिंगला खड्डे पडतात. माझा शाफ्ट वर्षभर कुणी फिरवलेला नाही.

प्रश्न एवढाच, की या वयात खाली बसून आपलं आपण उठणं परत जमतं, की गेलं ते गेलं? आणि दुसरं. आमची सौ. ६९ वर्षांची. गुडघे तिचे माझ्यापेक्षा जास्त दुखतात. तरी पाटावर बसून पूजा करते आणि हातात ताम्हण घेऊन उठते. हे कसं काय?

---

रानजाई | १२ ऑगस्ट २०२५, १०:४०

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देते काका. तुम्ही २०१२ साली निवृत्त झालात. काकू कधी झाल्या?

---

तिखटमीठ | १२ ऑगस्ट २०२५, १०:४४

रानजाई, +१०००. काका, हलकेच घ्या.

---

मिलफिटर | १२ ऑगस्ट २०२५, ११:०५

सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या मुलीला जेवायला बोलवा.

---

कट्टेकरी | १२ ऑगस्ट २०२५, १३:२२

काका, मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. आधी सरळ उत्तर: परत जमतं. पूर्वीइतकं जमेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, पण आजच्यापेक्षा खूप बरं होतं.

आम्हाला शिकताना एक जुना अभ्यास आवर्जून सांगतात. १९९० चा, बॉस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रातला. ८६ ते ९६ वयाची दहा माणसं घेतली, बरीचशी काठी किंवा वॉकरवाली. आठ आठवडे मांडीच्या पुढच्या स्नायूंना वजन लावून व्यायाम दिला. फुलासारखं जपत नाही, चांगलं जड वजन. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. दहाच जणांचा अभ्यास आहे, त्यामुळे आकड्याला चिकटून बसू नका, पण नव्वदीतही स्नायू दाद देतो हे तिथे दिसलं आणि पुढेही पुन्हापुन्हा दिसलं.

आता नाण्याची दुसरी बाजू. २००७ साली अमेरिकेतच धडधाकट अशा बारा ज्येष्ठांना, सरासरी वय ६७, दहा दिवस अंथरुणात ठेवलं. फक्त दहा. पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. तुम्ही महिनाभर कॉटवर होतात, शिवाय ऑपरेशन झालेलं. सत्यनारायणाच्या दिवशी काही बिघडलं नाही, त्या दिवशी फक्त कळलं.

चालणं सोडू नका. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडी आणि नितंबाच्या स्नायूंना फारसं काम पडत नाही. बसून उठायला लागणारी ताकद वेगळी, ती तेवढ्याने टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाखेरीज दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. आपल्याकडे पहिला भाग सगळे पाळतात आणि उरलेल्या दोन्हींचं नाव कुणी काढत नाही.

आज एक मोजमाप करा. बिनहाताची, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून परत बसायचं, किती वेळा होतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषांना १२ च्या खाली आलं तर पाय कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका जास्त आहे असं धरतात. बायकांना १० च्या खाली. हाताचा आधार घ्यावा लागला तर शून्य. शेजारी कुणीतरी उभं राहू दे.

---

मिलफिटर | १२ ऑगस्ट २०२५, १८:५०

मोजलं. सात.

सौ.नं चौदा केले आणि वर विचारते, "आणखी करू का?"

---

घरगुती_बटवा | १२ ऑगस्ट २०२५, १९:३१

काका, इतकं काही करायची गरज नाही. रात्री मेथीदाणे भिजवून सकाळी उपाशीपोटी चावून खा, वर एक चमचा गायीचं तूप. गुडघ्यातलं वंगण परत तयार होतं. माझ्या आत्याच्या सासूबाई ९१ व्या वर्षी सुईत दोरा ओवायच्या.

---

मिलफिटर | १२ ऑगस्ट २०२५, १९:५८

ताई, सगळ्या आयुष्यात एकाच विषयातलं मला कळतं, ते म्हणजे वंगण. तोंडातून घातलेलं ग्रीस बेअरिंगपर्यंत पोचत नाही. मेथीचे लाडू मात्र थंडीत खाईन, चवीसाठी.

---

दूरदेशी_लेक | १३ ऑगस्ट २०२५, ०४:१७

धागा वाचून थोडी चिडचिड झाली, म्हणून लिहिते. "तुम्ही बसा" म्हणणारी मुलं इथे सगळ्यांना खलनायक वाटताहेत.

माझी आई नागपूरला एकटी असते, मी मेलबर्नला. दोन वर्षांपूर्वी, वय ७६, दिवाळीच्या साफसफाईत पडदे काढायला स्टुलावर चढली. मी फोनवर दहादा बजावलं होतं की बाईला येऊ दे. पडली, खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजले होते. ऑपरेशन, मग सहा महिने. अजून ती बाहेर जायला घाबरते. काकांच्या मुलाच्या डोक्यात काय चालत असेल ते मला नेमकं कळतं. ऑफिसात बसून सतत एकच विचार की आता फोन येईल. तुम्हाला अपमान वाटतो, आम्हाला धास्ती असते. ती तुम्हाला दिसत नाही.

---

रानजाई | १३ ऑगस्ट २०२५, ०९:१०

दूरदेशी_लेक, मनापासून वाईट वाटलं. माझी पहिली कमेंट गमतीची होती, मुलांवर नव्हती.

पण एक विचारू? आईचं आत्ता कसं चाललंय? ती "बसलेली" आहे ना? मग ती आज दोन वर्षांपूर्वीपेक्षा सुरक्षित आहे का?

---

कट्टेकरी | १३ ऑगस्ट २०२५, १४:०५

हा प्रश्न क्लिनिकमध्ये रोज येतो. माझ्यासमोर मुलगी एका खुर्चीत, आई दुसऱ्या, आणि दोघी एकमेकींकडे न बघता माझ्याशी बोलतात.

स्टुलावर चढणं बंद, त्यात वाद नाही. पण स्टुलाबरोबर सगळंच बंद होतं, तिथे गडबड होते. एकदा पडलेलं माणूस पडण्याच्या भीतीने हालचाल कमी करतं, त्याने पाय आणखी कमजोर होतात, तोल आणखी जातो आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. आईंना आत्ता फिजिओकडे न्या. दोन वर्षं झाली म्हणून उशीर झालेला नाही.

घराचं म्हणाल तर आधी न्हाणीघर बघा. कमोडजवळ आणि शॉवरजवळ भिंतीत घट्ट बसवलेला दांडा हवा. टॉवेल अडकवायची नळी नव्हे, ती माणसाच्या वजनाने निघून येते. ओल्या फरशीवर न सरकणारी रबरी मॅट. रात्री पलंगापासून संडासापर्यंत बारीक दिवा. दारातलं दुमडलेलं पायपुसणं फेकून द्या. घरात मागून पट्टा नसलेल्या झिजक्या स्लिपर नकोत. आणि चष्मा: प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेल्या) चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, त्यामुळे जिना उतरताना मान खाली घालून वरच्या भागातून बघायची सवय लावून घ्या.

काका, तुमचा कार्यक्रम. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. सुरुवात उंच खुर्चीवरून, हवं तर सीटवर उशी. दहाचे दोन संच. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. त्याआधी एकदा तुमच्या सर्जनना विचारून घ्या. सोपं झालं की उशी काढा. मग हातात एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. मग बुटकी बैठक, मग चौरंग, मग पाट. जमीन सगळ्यात शेवटी. अंतर कमी करत खाली यायचं, एकदम उडी नाही. ओट्याला धरून टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं रोज केलं तरी चालेल.

आणि जमिनीवरून उठायची रीत आधी शिकून ठेवा, कारण पुतण्या प्रत्येक वेळी हजर नसतो. सरळ समोर उठायला जाऊ नका. कुशीवर वळा, कोपरावर या, मग दोन्ही हात टेकून रांगत्या अवस्थेत. जवळच्या खुर्चीवर हात ठेवा. जो पाय बळकट तो पुढे, तळवा जमिनीवर. त्या पायावर आणि हातांवर भार देऊन उठा आणि वळून खुर्चीवर बसा. दोन मिनिटं बसूनच राहा. गादीवर सराव करा, घरी कुणी असताना.

---

ओपीडीनंतर | १३ ऑगस्ट २०२५, २२:४०

डॉक्टर आहे, थोडं औषधांबद्दल. काका, बीपी बसून मोजता, उभं राहूनही मोजा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरत असेल तर गोळ्यांचा पुनर्विचार हवा. पुरुषांना प्रोस्टेटसाठी रात्री जी गोळी देतात तिच्यानेही उठल्यावर चक्कर येऊ शकते. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या, या वयात त्यांच्यापासून लांबच बरं.

शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल आणि बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा. ती गोळी आणि ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या, दोन्हींनी बी-१२ कमी होतं. त्यात आपण शाकाहारी. पाय बधिर होणं, तोल जाणं, विसरणं हे सगळं "वयच झालं" म्हणून सोडून दिलं जातं आणि निघतं बी-१२. सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून एकदा एकाच डॉक्टरसमोर ओता. त्यातल्या दोन-तीन तरी कशासाठी आहेत ते कुणालाच आठवत नाही, हा माझा अनुभव आहे.

---

मिलफिटर | १४ ऑगस्ट २०२५, ०८:३०

मेटफॉर्मिनच, अकरा वर्षं. तपासतो. पिशवी ओतण्याची कल्पना आवडली, ओव्हरहॉलिंगला आम्ही असेच सगळे नटबोल्ट पत्र्यावर ओतायचो.

---

साताऱ्याची_सून | १४ ऑगस्ट २०२५, ११:५५

व्यायाम सगळे सांगताहेत, जेवणाचं कुणी बोललं नाही. माझे सासरे ७८. रात्रीचं जेवण म्हणजे दूधभात नाहीतर चहाखारी, "हलकं बरं असतं" म्हणून. आहारतज्ज्ञ बाईंनी वहीत लिहायला लावलं तेव्हा दिवसाचं प्रोटीन जेमतेम ३५ ग्रॅम निघालं. वजन ६० किलो. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवं असं त्यांचं म्हणणं, म्हणजे ६० ते ७० ग्रॅम. (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.)

पावडरी आणल्या नाहीत. सकाळी पोह्यांबरोबर एक अंडं, दुपारी वरण पातळ होतं ते घट्ट केलं, संध्याकाळी खारीऐवजी मूठभर भाजके शेंगदाणे-फुटाणे. दातांना त्रास म्हणून दाण्याचं कूट दह्यात. रात्री पिठलं किंवा मुगाचं धिरडं. अंड्याला तीन महिने नाक मुरडलं. एक मोडका दात नीट करून घेतल्यावर खाणं दुप्पट झालं. म्हणजे इतकी वर्षं "भूक नाही" असं जे म्हणत होते ते खरं तर "चावता येत नाही" होतं. कुणाला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

---

पर्वतीकर | १४ ऑगस्ट २०२५, १६:२०

रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतो, वय ६८. चढण्यापेक्षा उतरताना मांड्या भरून येतात, हे असं का?

अवांतर: खुर्चीवरच्या व्यायामांना कमी लेखू नका. अय्यंगार गुरुजींच्या योगपद्धतीत खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे यांची लाज कुणाला वाटत नाही. गुरुजींचा जन्म १९१८ चा, २०१४ मध्ये ९५ व्या वर्षी गेले, आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचा स्वतःचा सराव चालू होता.

---

कट्टेकरी | १४ ऑगस्ट २०२५, १७:०१

उतरताना स्नायू लांब होता होता ब्रेक लावतो, त्यात त्याला जास्त ताण पडतो. ताकदीसाठी ते उत्तमच. म्हणूनच खुर्चीवर धप्पकन बसू नका, तीन आकडे मोजत बसा.

---

सांजवात | १७ ऑगस्ट २०२५, २०:१५

हातपाय झाले, डोक्याचं काय? काका, दिवसभर करता काय? म्हणजे भोचकपणा नाही, पण तुमच्या पोस्टमध्ये चालणं सोडून एकही माणूस भेटत नाही. आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बघा म्हटलं असतं, डोंबिवलीतही असतीलच.

---

मिलफिटर | १८ ऑगस्ट २०२५, ०९:४४

खरं सांगू? गेलो होतो. बागेत रोज संध्याकाळी सातआठ जण बसतात. पहिले दोन महिने गेलो. मग बंद केलं. कारण सांगायची लाज वाटते. अर्धं बोललेलं कळत नाही. सगळे हसले की मीही हसायचो. एकदा कुणाची तरी बायको गेल्याचं चाललं होतं आणि मी हसलो. त्यानंतर गेलो नाही.

मिल हाऊसमध्ये ३४ वर्षं काढली, कानात बोळे घालायची पद्धत आमच्या वेळी नव्हती. घरात टीव्हीच्या आवाजावरून भांडणं होतात. मी म्हणतो त्या मालिकांतले लोकच पुटपुटतात.

---

ओपीडीनंतर | १८ ऑगस्ट २०२५, २३:०२

काका, हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. माझ्या मते या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

ऐकू कमी येणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आता पक्का मानतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी सांभाळली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा अंदाज आहे. त्यात शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू, व्यायाम नसणं आहे, तसंच एकटेपण आहे, आणि श्रवणदोषाचा वाटा मोठ्या वाट्यांपैकी एक. तुमच्या बाबतीत कान गेले म्हणून माणसं गेली, म्हणजे दोन कारणं एकाच दारातून आत आली.

श्रवणयंत्राने बुद्धी वाचते का, तर सरसकट "हो" म्हणवत नाही. २०२३ साली ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांचा तीन वर्षांचा अभ्यास आला. सगळे एकत्र धरले तर फरक दिसला नाही. पण ज्यांना हृदयविकार वगैरेंमुळे मुळातच धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. ते राहू द्या बाजूला. तुम्हाला बागेतलं बोलणं ऐकू यावं एवढ्यासाठीच कान तपासा. आधी मळ काढून घ्या, कधीकधी निम्मं काम तिथेच होतं. मग ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. वांद्र्याला अली यावर जंग ही श्रवण-वाचेची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी होते. दुकानात थेट यंत्र घ्यायला जाऊ नका.

---

तिखटमीठ | १९ ऑगस्ट २०२५, १०:०८

संघाबद्दल माझं वेगळं मत. आमच्या वडिलांच्या संघात महिन्याला एक व्याख्यान, विषय आलटून पालटून "मधुमेह आणि आपण", "मृत्युपत्र कसे करावे" आणि "अध्यात्म". मग वाढदिवस आणि वेफर्स. बाबा म्हणतात, तिथं गेलं की जास्त म्हातारं वाटतं.

---

सांजवात | १९ ऑगस्ट २०२५, १२:३०

संघासंघात फरक असतो. आमच्याकडे (कोल्हापूर) दर गुरुवारी चार बायका पालिकेच्या शाळेत पोरांचं वाचन घ्यायला जातात. मी त्यातली एक, वय ७०. वाचन घेते म्हणजे काय, बसते आणि ऐकते. एक पोरगा अडखळत वाचायचा, आता धडाधड वाचतो. गेल्या गुरुवारी ताप होता म्हणून गेले नाही तर त्यानं बाईंना विचारलं, "त्या आजी मेल्या का?" इतकं छान वाटलं म्हणून सांगू!

मला कुणी "छंद जोपासा" म्हटलं की राग येतो. छंद आपल्यापुरता, तो सोडला तर कुणाचं अडत नाही. गुरुवारी मी गेले नाही तर कुणीतरी विचारतं. काका, तुम्ही कुणाच्या अडीनडीला आहात आत्ता?

---

मिलफिटर | १९ ऑगस्ट २०२५, २१:१९

नाही.

---

कागदीघोडे | २० ऑगस्ट २०२५, ०९:००

थोडी उपयुक्त माहिती, नाहीतर विषय भलताच हळवा होतोय. काका, ७० पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, ऑक्टोबर २०२४ पासून. आधारवर नोंदणी करून वय वंदना कार्ड काढायचं. दाखल झाल्यावरच्या उपचारांना आहे, साध्या तपासणीला आणि रोजच्या गोळ्यांना नाही. आजारी पडायच्या आधी काढून ठेवा. एसटीत ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, ७५ झाले की ऑगस्ट २०२२ पासून फुकट. गावी जायला उपयोगी. काही अडचण आली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

---

मिलफिटर | ८ सप्टेंबर २०२५, १७:३५

मंडळी, चार आठवड्यांचा हिशोब. बी-१२ कमीच निघालं, इंजेक्शनं चालू झालीत. खुर्चीचे सातावरून नऊ. चौरंगावरून उठतो, पाटावरून अजून नाही. उभं राहिल्यावर बीपी फार पडत नाही. गणपतीत दीड दिवस गावी होतो, एसटीच्या पायऱ्या चढताना दांडा धरला पण ओढून घ्यावं लागलं नाही.

कान तपासले. दोन्ही कानांत मध्यम दोष, वरच्या पट्टीतले आवाज जास्त गेलेत. ऑडिओलॉजिस्ट मुलगी म्हणाली, कारखान्याच्या आवाजानं असंच होतं. यंत्र लावून आज बारावा दिवस. पहिले तीन दिवस कपाळ उठलं. भांडी घासताना तोफा, वर्तमानपत्राची घडी म्हणजे फटाका. ती म्हणाली होती, काढून ठेवू नका, मेंदूला सवय लागू द्या, सुरुवातीला रोज थोडा थोडा वेळ वाढवा. तसं करतोय. एक शोध लागला: बाल्कनीचं दार सहा वर्षं करकरत होतं आणि मला कुणी सांगितलंच नाही. तेल घातलं. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आम्हाला वाटलं तुम्हाला चालतंय."

आणि सांजवात ताईंच्या प्रश्नानं झोप उडाली होती. आमच्या पार्किंगमध्ये पोरांच्या अकरा सायकली धूळ खात पडल्यात. कुणाची चेन पडलेली, कुणाचा ब्रेक गेलेला, आईबाप म्हणतात नवीन घेऊ. रविवारी पाना घेऊन खाली गेलो. संध्याकाळपर्यंत दोन चालू केल्या.

सेक्रेटरीचं म्हणणं, पार्किंगमध्ये दुरुस्ती चालणार नाही, नियम आहे. मुलगाही नाराज. "बाबा, लोकांना वाटेल आम्ही तुम्हाला कामाला लावलंय." रात्री जोरात वाजलं आमचं. यंत्र लावलेलं असल्यामुळं त्याचं सगळं ऐकू आलं, हा एक तोटा.

---

दूरदेशी_लेक | ९ सप्टेंबर २०२५, ०५:५०

काका, मुलाला हा धागा वाचायला द्या. माझी पहिली पोस्टही.

आई परवापासून फिजिओकडे जायला लागली. पहिल्या दिवशी त्या बाईंनी तिला विचारलं, तुम्हाला काय करता यायला हवं? आई म्हणाली, गॅलरीतल्या कुंड्यांची माती बदलायची आहे. मी गेली दोन वर्षं माळी लावून दिला होता. तिला माळी नको होता हे मला फोनवर कधी कळलं नाही.

---

कट्टेकरी | ९ सप्टेंबर २०२५, १३:४४

काका, सायकलींसाठी बुटकं स्टूल वापरताय का? वापरत असाल तर खुर्चीचा व्यायाम त्या दिवशी माफ. मोजा, दिवसात किती वेळा उठलात ते.

---

मिलफिटर | ९ सप्टेंबर २०२५, १९:१२

पान्यासाठी, हवेच्या पंपासाठी, सेक्रेटरीशी बोलण्यासाठी धरून २३.

---

रानजाई | ६ नोव्हेंबर २०२५, ११:२८

धागा वर काढतेय. काका, दोन महिने गायब? तुळशीचं लग्न झालं, खाली बसलात की नाही?

---

मिलफिटर | ६ नोव्हेंबर २०२५, २१:४०

बसलो. पाटावर, नीट मांडी नाही, पण एक पाय लांब करावा लागला नाही. उठताना डावा हात जमिनीला, उजवा गुडघ्यावर, आणि मध्ये एकदा डुललो. कट्टेकरींच्या हिशोबात काय बसेल ते बसो. मुलगा शेजारीच होता. हात पुढं केला होता त्यानं, पण धरला नाही. अर्धा फूट अंतरावर नुसता ठेवला होता. त्यानं धागा वाचलाय असं सौ. म्हणते, तो काही बोललेला नाही. खुर्चीचे बारा झालेत. सौ.चे सतरा, त्याचा विषय काढू नका.

बागेत परत जायला लागलो. ज्यांच्या बायकोच्या वेळी मी हसलो होतो त्यांच्याकडं जाऊन सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मलाही ऐकू येत नाही, तुम्ही हसलात हे मला आत्ता कळतंय." आता त्यांना घेऊन वांद्र्याला जायचंय पुढच्या मंगळवारी.

सेक्रेटरीनं जिन्याखालची जागा दिली, अट एवढीच की तेलाचे डाग पडता कामा नयेत. अकरापैकी आठ सायकली चालू झाल्या. दुपारी डोळा लागला की बेल वाजते, "आजोबा, चेन पडली." कटकट आहे नुसती.

एक अडचण. १४ इंची चाकाची ट्यूब कुणाला डोंबिवली-कल्याणमध्ये कुठं मिळते माहीत आहे का? दोन दुकानांत १६ पासून पुढं आहेत म्हणाले. चौथ्या मजल्यावरची साडेपाच वर्षांची बाई रोज येऊन चौकशी करते आणि तिला मी शनिवार सांगून बसलोय.

---

तिखटमीठ | ६ नोव्हेंबर २०२५, २२:०३

काका, माझ्या लेकाच्या जुन्या सायकलची १४ इंची ट्यूब घरात पडून आहे, धड आहे. मी ठाकुर्लीला राहते. शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनवर देऊ का?

---

मिलफिटर | ६ नोव्हेंबर २०२५, २२:०९

येतो. कुठल्या बाजूला? जिन्यावरूनच येईन, सरकता जिना नको.